झोपेचा चष्मा

“ह्या चष्म्यानं ह्यांना झोप लागंल का?” कुसुमबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

परभणीच्या त्या चष्म्याच्या दुकानात धम्मानंदला दोन वर्षं झाली होती, पण इतकं चिकट गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. बाई गंगाखेडहून नवऱ्याला सोबत घेऊन आल्या होत्या. सीतारामकाका सांजेपासून मोबाईल बघत बसतात आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, ही तक्रार. काउंटरवर बावीस चष्मे पसरले होते.

मोबाईलचा झोप उडवणारा निळा उजेड हा चष्मा कसा अडवतो, ते धम्मानंदनं निळी बॅटरी काचेतून कागदावर मारून दाखवलं. साध्या काचेतून निळा ठिपका उमटला. नारिंगी काचेनं तो गिळून टाकला.

“तुमी सोता लावता का?”

“न्हाई, मावशी. मी आठ वाजताच मोबाईल बाजूला ठेवतो.”

“मग काय करता?”

“आई कामावरून दमून येती. भाकरी मीच टाकतो.”

“ह्या काचेतून भाकरी करपलेली कळंल का?”

धम्मानंदनं चष्मा चढवला, आपला डबा उघडला आणि भाकरी निरखून पाहिली. “कळती.”

बाईंनी तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “मऊ हाय,” म्हणाल्या.

आतून दुकानाचे मालक भुजंगशेठ डोळे वटारून बघत होते. आज एक तरी भारी चष्मा खपला नाही तर उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला. काका बाकावर, भिंतीला टेकून, गाढ झोपले होते. खिशातला मोबाईल वाजत होता, तरी हूं की चूं नाही.

धम्मानंदनं शेठकडं पाहिलं. “मावशी, खरं सांगू? काकांना चष्म्याची गरज न्हाई. आन् नुसत्या चष्म्यानं झोप येतीच असंबी न्हाई. सांजच्याला मोबाईल बाजूला ठेवा, बास.”

शेठ खुर्चीतून उठले. धम्मानंद मान खाली घालून चष्मे डब्यांत भरू लागला. नोकरी गेल्यातच जमा होती.

बाईंनी नवऱ्याचा खांदा हलवला. “उठा. झालं.”

“पडला का पसंत?” काकांनी डोळे चोळत विचारलं.

“पडला,” बाई म्हणाल्या आणि पिशवीतून एका मुलीचा फोटो काढून त्यांनी धम्मानंदच्या हातावर ठेवला. “ही आमची लेक, सुकेशनी. तुमच्या आईला दाखवा.”