एकचा आकडा

केकवर नाव घालायचं न्हाय, हे बाळासोंनी बेकरीवाल्याला दुसऱ्यांदा बजावलं.

"मग काय घालू?"

"नुसता एकचा आकडा घाल की! आमच्यात नाव बाहेर काढत न्हाईत."

शेजारी उभे असलेले विजयसिंह सर ओशाळून हसले. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा दर रविवारी उचगावात, एका बंद पडलेल्या बालवाडीच्या खोलीत भरायची. तिथली एकच चैन, ती म्हणजे हा केक. वर्षभर थेंबाला न शिवलेल्या माणसानं तो कापायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. येत्या रविवारी सरांचा मान होता.

याआधी दोनदा तो हुकला होता. एकदा जयसिंगपूरच्या सभेत, एकदा इथंच. दोन्ही वेळा अगदी वर्षाच्या तोंडावर सर घसरले. इतके महिने निभावलेला माणूस काठाशी येऊन बुडतो, हे काय गौडबंगाल आहे, ते बाळासोंना काही केल्या उमगत नव्हतं. बाळासो निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांची स्वतःची दारू सुटून जमाना झाला होता. जयसिंगपूरला घसरलेल्या सरांना हाताला धरून उचगावात आणलं ते त्यांनीच. रोज सकाळी फोन करायचे. "सर, आज?" "आज न्हाय घ्यायची." एवढंच बोलणं, पण कधी चुकलं नाही.

"ह्या खेपेला मी तुमच्या दारात आडवा पडतो," बेकरीतून बाहेर पडताना बाळासो म्हणाले. "बघू कोण पाजतंय तुम्हाला!"

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना ते सभेतही यायचं. उभं राहिलं की पहिल्याच वाक्याला यायचं. "माझं नाव विजयसिंह. दारूपायी आमच्या घरच्या गाडीखाली एक बाई गेली. पहाटे दूध घालायला निघालेली. माझा धाकटा भाऊ राजवीर कळंब्याच्या तुरुंगात हाय. मला ह्यातनं सुटायचं हाय." ऐकणारे मुकाट माना खाली घालायचे. आणि परतताना बाळासो कुणाला तरी सांगायचेच, "गुन्हा भावाचा, आणि जळतोय ह्यो. असा माणूस मिळायचा न्हाय."

गुरुवारी रजा टाकून सर भावाला भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे राजवीर बसला. लग्नाच्या वयाचा पोरगा. केस पांढरे व्हायला लागलेले.

"केक कधी हाय, दादा?"

"रविवारी."

राजवीरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते कळेना.

"जमतंय म्हण की ह्या वक्ताला!"

"जमतंय."

"आई अंबाबाई पावली बघ. वहिनीला सांग, पोरांना सांग. न्हाय, नगो, आताच नगो सांगू."

बाहेर आल्यावर सरांनी चहा घेतला. तो त्यांना गोड लागला नाही.

शनिवारी सकाळची शाळा संपली. सरांनी बाळासोंना फोन करून सांगितलं, की डोकं दुखतंय, घरी जाऊन पडतो. मग ते उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा फाट्यावर उतरले. रस्त्याकडेला परमिट रूम होती. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि एक क्वार्टर मागवली.

पेला भरला. वासानंच त्यांचं तोंड वाकडं झालं. डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा त्यांनी तो घशाखाली ढकलला. चिमूटभर शेंगदाणे खाल्ले, रुमालानं ओठ पुसले आणि ते उठले.

"सर, बाटली तशीच राहिली की!" वेटर म्हणाला.

"असू दे. झालं माझं काम."

फाट्यावर उभं राहून त्यांनी फोन लावला. "बाळासो," म्हणेपर्यंत हुंदका फुटला. "घसरलो ओ."

पलीकडून बाळासोंचा आवाज आला, तोही भरलेला. "रडू नगासा, सर. मी हाय न्हवं? पुन्हा पहिल्यापासनं."

केक बाळासोंनीच गुपचूप परत केला.

पुढच्या भेटीला राजवीरनं भावाच्या तोंडाकडं नुसतं बघितलं आणि तो समजला. त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. ह्या पोराला शिव्या देणंसुद्धा जमलं नव्हतं कधी.

"आजारच हाय त्यो, दादा," तो म्हणाला. "तुझा तरी काय दोष? मला त्यातलं कळत न्हाय. मी कधी चवसुद्धा बघितली न्हाय."

मग त्यानं पहारेकऱ्याकडं चोरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"पर शब्द ध्यानात हाय न्हवं? वर्षभर दारू सुटली की जज्जसाहेबांपुढं उभा ऱ्हाणार, आणि सांगणार, गाडी राजवीर न्हवं, मी चालवत हुतो म्हणून?"

"सांगतो की," सर डोळे पुसत म्हणाले. "आधी दारू तर सुटू दे."