साल्तोची मावसबहीण

अकरा वर्षं माझं एकच मागणं होतं. "दोन्या एल्विरा, सरकारदरबारी माझं नाव नोंदवा, माझ्या नावाचा कर भरा, म्हणजे म्हातारपणी मला पेन्शन तरी मिळेल."

दोन्यांचं, म्हणजे आमच्या मालकीणबाईंचं, उत्तर ठरलेलं. "अगं नोएमी, तू का मोलकरीण आहेस? तू तर घरचीच!"

परवा आमच्या मोंतेविदेओच्या गल्लीत करखात्याचा इन्स्पेक्टर दारोदार फिरत आला. दोन्यांनी धावत येऊन माझा एप्रन ओढून काढला, मला सोफ्यावर बसवलं आणि कानात म्हणाल्या, "तू माझी मावसबहीण. कालच साल्तोहून आलीस. आणि हो, मला दोन्या-बिन्या म्हणू नकोस!"

"घरकामाला कोणी बाई आहे का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"छे हो! सगळं मी एकटीच करते."

"कमाल आहे तुमची," तो घाम पुसत म्हणाला. "मग जरा कॉफी मिळेल? साखर दोन चमचे."

दोन्या स्वयंपाकघरात गेल्या. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. काहीतरी खळ्ळकन फुटलं. इन्स्पेक्टरने हळूच पेनाचं टोपण काढलं. शेवटी दोन्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि केविलवाण्या नजरेने माझ्याकडे बघू लागल्या.

मी मस्त टेकून बसले, पायावर पाय टाकला.


"माझ्याकडे काय बघतेस, एल्विरा? तुझ्या घरात साखर कुठे असते ते मला काय माहीत? मी कालच तर आले!"