घराण्याची चौकशी

“ज्याच्या घराण्याचा पत्ता नाही, त्याला मी मुलगी देत नाही,” प्रल्हादरावांनी लेक देवयानीच्या मित्राला, एरिकला, स्पष्ट सांगितलं होतं. एरिकने ते मनावर घेतलं. नॉर्वेहून आलेल्या आणि अमेरिकेत तीनदा आडनाव बदललेल्या पणजोबांना तो दोन वर्षं शोधत होता. जहाजांच्या याद्या झाल्या, चर्चच्या नोंदी झाल्या, शेवटी डीएनए टेस्टने ते सापडले.

आज अमेरिकेतल्या प्लेनो शहरात, प्रल्हादरावांच्या घरी त्याने सात पिढ्यांची फाईल समोर ठेवली. प्रल्हादरावांनी ती तासभर चाळली.

“तीनदा आडनाव बदललं म्हणजे काहीतरी लफडं असणार.”

“असेल, काका. आता वंशावळीत देवयानीची बाजू भरतोय. तुमच्या पणजोबांचं नाव काय?”

प्रल्हादरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दरवर्षी श्राद्धाला नावं सांगणाऱ्या नाशिकच्या गुरुजींना फोन लावला.