जोडणी

कंट्रोलरच्या पडद्यावर पुन्हा तेच आलं. जोडणी तुटली.

प्रीतीनं प्रिझमची काच लावलेला मोजणीचा खांब ढेकळांत रोवला आणि क्षणभर त्यालाच टेकून उभी राहिली. मशीन पार शेताच्या दुसऱ्या टोकाला, तिपाईवर. तिथवर परत चालत जायचं, सुरू करायचं, जोडायचं आणि पुन्हा इथं यायचं. दुपारपासून तिचं हेच चाललं होतं.

एजन्सीनं हे रोबोटिक मशीन घेतलं तेव्हा साहेब म्हणाले होते, आता मदतनीस लागणार नाही. खांब घेऊन माणूस चालेल तिकडं मशीनची मान आपोआप वळते, आणि माप हातातल्या कंट्रोलरवर येतं. दोघांची जोडणी तेवढी टिकायला हवी. तेव्हापासून प्रीती एकटीच शिवारं तुडवत होती. आठवडाभर उन्हात काढल्यावर आज अणदूरचं शिवार, आणि आजच मशीननं मान टाकली होती.

ती पोचली तेव्हा बब्रुवानकाका मशीनशेजारी पोत्यावर बसलेले होते. सकाळपासून ते हलले नव्हते.

"परत बंद पडलं बगा," ते म्हणाले. "तुमी पार तिकडं गेला, आन ह्यानं बारीक आवाज केला. मग गपगार."

"उन्हानं असेल, काका. नाहीतर बॅटरी."

"आज झालंच पाहिजे पर. पोरानं बजावून सांगितलंय."

पोरगा म्हणजे रणधीर, पुण्यात असायचा. काकांनी जमीन त्याच्या नावावर करून दिली होती आणि त्यानं ती विकायला काढली होती. घेणारा उद्या नकाशा बघणार होता. नकाशा नसेल तर तो दुसरीकडची जमीन घेणार, हे रणधीरनं प्रीतीला सकाळपासून फोनवर ऐकवलं होतं.

तीन बाजू सकाळच्या गारव्यात सुरळीत झाल्या होत्या. राहिली होती चौथी, काकांच्या धाकट्या भावाच्या, अण्णारावच्या घराकडची. वाटणीपासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. समोरासमोर आले तरी एकजण वाट बदलायचा, असं तिला येताना रिक्षावाल्यानं सांगितलं होतं. मोजणी मात्र अण्णारावनंही कबूल केली होती.

प्रीतीनं बॅटरी बदलली. मशीन सुरू झालं, स्वतःभोवती एकदा फिरलं. कंट्रोलरवर त्याचं नाव यायला वेळ लागला. ती पडद्याकडे बघत उभी राहिली. पाय ठणकत होते. नाव आलं, जोडणी झाली.

"काका, जवळ कुणाला येऊ देऊ नका. कुणी आलं होतं का मगाशी?"

"इकडं कोण येतंय? त्येंची माणसं त्येंच्या हद्दीत." काकांनी भावाच्या घराकडे नुसती हनुवटी केली.

ती पुन्हा नांगरट तुडवत गेली. घराच्या कोपऱ्याशी पोचली, खांब सरळ केला, आणि पडद्यावर पुन्हा तेच, जोडणी तुटली.

या वेळी ती लगेच परतली नाही. अण्णाराव ओसरीवर बसले होते. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या आणून दिला. ती भिंतीच्या सावलीत टेकली.

"मॅडम, तुमाला लई त्रास होतोय," ते म्हणाले.

"मशीन साथ देईना. तुमच्या घरातलं कुणी तिकडं गेलं होतं का? खरं सांगा, मी कुणाला काही बोलणार नाही."

"आमी कशाला जाऊ?" ते शांतपणे म्हणाले. "तुमी मापलं की आमच्या दोन खोल्या त्येंच्या हद्दीत निघणार, ते मला ठाऊक हाय. बांधताना चुकलं. पोरगं त्येंचं, जमीन त्येंची. पाडा म्हणले तर पाडू. ह्या वयात भांडायची ताकद न्हाय राहिली."

"मोठ्या भावाशी एकदा बोलून बघा की."

"त्यो सकाळपास्नं मशीनला राखण बसलाय," अण्णाराव म्हणाले. "त्येला काय बोलू?"

तिनं तांब्या ठेवला. माप घेणं एवढंच तिचं काम, असं ती अशा वेळी स्वतःला सांगायची. आज तेही सांगवेना.

ती परत गेली. मशीन बंदच होतं. सुरू केलं, जोडलं. ऊन उतरायला लागलं होतं, हा शेवटचाच फेरा. काकांना तसं सांगून ती निघाली. थोडं चालल्यावर लक्षात आलं, कंट्रोलरची दुसरी बॅटरी मशीनच्या पेटीतच राहिली. कंट्रोलर तिकडं बंद पडला तर तेवढ्यासाठी परत यावं लागलं असतं. ढेकळं तुडवून पाय दमले होते म्हणून ती बांधाच्या कडेनं वळसा घेऊन मागून आली.

काका तिच्याकडे पाठ करून उभे होते. समोर, शेतापलीकडे, अण्णाराव घराच्या भिंतीला हात लावून उभे असलेले दिसत होते. काका बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी धोतराला हात पुसला, मशीनच्या कडेचं बटण चाचपून शोधलं आणि ते दाबून धरलं. बारीक आवाज झाला. प्रीतीच्या हातातल्या पडद्यावर आलं, जोडणी तुटली.

खिशातला फोन वाजला तसा काकांनी तो कानाला लावला.

"व्हय रणधीर, हितंच बसलोय की. तुझ्या चुलत्याचं घर मापल्याबिगर म्या उठत न्हाय. पर काय करावं लेकरा, मशीनच जुळंना."