पायगुण

लाडका संघ फुटबॉलची सेमीफायनल जिंकला, तर हडपसरच्या आयटी कंपनीतल्या दिग्विजयला पगारवाढ मिळणार नव्हती. मिळणार होती फक्त रविवारची फायनल. तेवढ्यासाठी त्यानं बायकोला अर्धा तास गॅलरीत उभं ठेवलं होतं. पूर्णिमा वाळलेले कपडे आणायला तिथे गेली आणि बरोबरीचा गोल झाला, म्हणून!

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. गोल! दिग्विजय सोफ्यावर चढून नाचला आणि गॅलरीकडे बघून ओरडला, "जिंकलो! काय पायगुण आहे गं तुझा! फायनललाही तिथेच उभी राहा!"

"राहिले असते की," आवाज त्याच्या पाठीमागून आला. "पण पेनल्टीला मी इथेच होते. तू मात्र उशीत तोंड खुपसून बसला होतास."

रविवारी पूर्णिमानं फायनल सोफ्यावर ऐसपैस बसून पाहिली. दिग्विजयनं ती उशीतून ऐकली.