डाव्या खाचरावर पाळत

रावजीने बांधावरचा पांढरा दाणा उचलला आणि जिभेवर ठेवला. गार लागला. युरियाच.

दाणे डाव्या खाचराच्या बांधावर सांडले होते, आणि ठरल्यापेक्षा चिमूटभरही जास्त खत कुठल्याच खाचरात घालायचं नाही, असं गावकीसमोर ठरलं होतं. भाताची दोन्ही खाचरं रावजीचीच. पण डावं यंदा सरकारी प्रयोगाला दिलेलं. कृषी खात्याच्या अनिल सायबांनी त्यात राब भाजू दिला नाही, चिखल करू दिला नाही, लावणी तर नाहीच. गादीवाफे करून सरळ बी टोकलं. धूर कमी, हवा चांगली, आणि असं भात करणाऱ्याला सरकार अनुदान देणार. उजव्यात रावजीने बापजाद्यांसारखा रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजला, नांगर घातला, आणि चंद्रभागेने वाडीतल्या बायका जमवून भर पावसात वाकून लावणी काढली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत रावजी गावकीचा पुढारी. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "डावं जास्त पिकलं तर अख्खी वाडी राब सोडील. उजवं पिकलं तर सायेब, परत हा चढ चढायचा नाय." बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

रावजीला पहिल्यापासूनच संशय होता. वाडीने मागितलेला रस्ता सरकारने दिला नव्हता, आणि न मागितलेलं अनुदान घेऊन माणूस दारात आला होता. आता पुरावा हातात होता.

"सायबानं डाव्यात युरिया टाकलाय गो," घरी येऊन तो हळूच म्हणाला.

चंद्रभागा भाकरी थापत होती. "काल खालच्या वळणावर मोटरसायकल वाजली खरी."

"मंग बोलली का नायस?"

"मला काय ठाव, युरिया घेऊन आलाय का वाट चुकलाय."

"गावकीत उभा करतो त्याला."

"काय दाखवून? चार दानं? ते म्हनतील, तुमीच टाकलंत."

हेही खरं होतं.

"मंग करू काय?"

"काय करनार? तुमी हरायचं, आनि सायबांनी महाडात पेढे वाटायचे." भाकरी तव्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी रावजी गुडघ्याचं औषध आणायला म्हणून निघाला. पोलादपूरच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटलं असतं, म्हणून महाड गाठलं, आणि तिथून पुढे बिरवाडी. तिथे सगळे कारखान्यातले भाडेकरू. कुणाची खाचरं किती, कुणाला पडलेली नाही. परत येताना खांद्यावर पोतं होतं.

"काय वो ते?"

"भुसा हाय. म्हशीला."

"मंग म्हशीपासून लांब ठेवा," चंद्रभागा म्हणाली आणि तिने गोठ्याचं दार उघडून दिलं.

भर दुपारी वाडी जेवायला बसली की रावजी वाडगाभर युरिया घेऊन उजव्या खाचरात शिरायचा. जास्त खताने भात माजतं आणि वाऱ्याला लोळतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण समोरचा किती घालतोय हे कळत नसलं की आपला हात थांबत नाही.

सायेब अधूनमधून येत, डावं खाचर बघत, चहा पिऊन जात. एकदा ते हात धुवायला गेले तेव्हा रावजीने त्यांची पिशवी चाचपली. आत छत्री आणि डबा. पिशवीत युरिया नाही, म्हणजे टाकून झालाय, हे त्याने लगेच ओळखलं. रात्री जेवताना चंद्रभागा सहज म्हणाली, "आज डावं कसं हिरवं काळंभोर दिसतंय, नाय?" दुसऱ्या दुपारी रावजीने दोन वाडगे टाकले.

उजवं खाचर असं वाढलं की बघणाऱ्याची मान वर व्हावी. रावजीने मनातल्या मनात सायबांना उतारावरून घालवूनही दिलं. मग दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस आला, वारा आला, आणि उजवं खाचर अख्खं आडवं झालं. लोंब्या चिखलात रुतल्या. डावं बुटकं, पण ताठ उभं.

कापणीला सगळी वाडी जमली. दोन्हीकडचे सारखे तुकडे मोजून कापले, झोडले, तोलले. डाव्याचं पारडं उजव्याला लाजवून खाली बसलं.

अनिल सायबांनी उजव्यातलं एक लोळलेलं धाट उचललं. "रावजीबाबा, यात कुणी जास्तीचं खत घातलं का? तसं असेल तर प्रयोग रद्द. पुढच्या साली पुन्हा घेऊ."

'हो' म्हटलं असतं तर राब वाचत होता. पण पुढाऱ्याने गावकीचं ठरलेलं मोडलं, हे त्याच शब्दात कबूल होत होतं. सगळे रावजीकडे बघत होते.

"नाय," रावजी म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पन डाव्यात तुमी घातलंत!"

सायेब हसले. "घातलं असतं तर तेही असंच लोळलं असतं की."

रावजीने डाव्या खाचराकडे पाहिलं. न कापलेलं भात अजून ताठ उभं होतं. मग अनुदानाच्या कागदावर पहिली सही त्याने केली. त्याच्या मागून वाडीने केली.

संध्याकाळी तो ओटीवर तंबाखू मळत बसला होता. खालच्या वाडीतल्या गोमाजीने पुढच्या सालासाठी सायबांशी अशीच पैज लावल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. गोमाजीची बायको आनंदीबाई आत्ताच मागच्या दारी आली होती, आणि तिचा आवाज घरातून आरपार ऐकू येत होता.

"आमचा म्हातारा पन हटून बसलाय गो चंद्रभागे. कंबर ऱ्हायली नाय लावनी करून. पन एवढा पोतंभर युरिया मी आनू कुठनं?"

"पोतं कशाला?" चंद्रभागा म्हणाली. "मूठभर टाक बांधावर, त्यांना दिसंल अशी. पोतं ते आपनच आनतात."