अर्धं बोट

पँटच्या मागच्या शिवणीवरून तिनं बोट फिरवलं. आत सोडायला सूतभरही कापड उरलं नव्हतं.

बाहेर नवरा हायड्रोजनच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरून बुडबुडे बघत होता. "आज शनिवार! मापाचा दिवस!"

तो बस चालवायचा. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं तेव्हा आगाराच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की तीन महिन्यांत वजन उतरलं नाही तर बस विसरा, खिडकीत बसून तिकिटं विका. बस म्हणजे तर त्याचा जीव. पण गडी पक्का आरंभशूर. व्यायामशाळा चार दिवस, उकडलेल्या भाज्या तीन. मग कुणीतरी, हायड्रोजनच्या पाण्यानं चरबी झडते म्हणत, हे पाण्याचं यंत्र त्याच्या गळ्यात मारलं. आठ दिवस मनोभावे पिऊनही पँट तसूभर ढिली होईना, तेव्हा त्यानं ग्लास पालथा घातला.

त्या दुपारी तिनं गुपचूप शिवण उसवली आणि अर्धं बोट कापड सोडून पुन्हा टीप मारली. शनिवारी पँट चढवून, कमरेत बोट घालून बघताच स्वारी घरभर नाचली. दुसऱ्या दिवसापासून ग्लास पुन्हा सुलटा आणि आगारापर्यंत पायी. बिस्किटांचा डबा थेट शेजाऱ्यांकडे. मग दर शनिवारी अर्धं बोट. खोटंच होतं सगळं, पण नवरा कसा फुलला होता! सहा शनिवारांत कमरेत तीन बोटं जायला लागली.

आता कापड संपलं. तिनं पँट तशीच इस्त्री करून दिली आणि मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले.

तो ती चढवायला आत गेला. मग तो कमरेत बोटं घालूनच बाहेर आला.

"साडेतीन!"

तिला हसू आवरेना, रडूही. "बघा! पाण्याची किमया!"

"पाणी गार असतं, बरं वाटतं," तो म्हणाला. "पण उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची भोकं दिसतात गं. पहिल्याच शनिवारी दिसली मला. म्हटलं, बायको आपल्यासाठी एवढं उसवते, तर आपण निदान चालावं तरी."

त्यानं पाठ वळवून शिवण तिच्यापुढे धरली.

"आज नवी भोकं नाहीत. तीन बोटं तुझी. हे अर्धं माझं."